वाणीची वेस

पूर्वी गावाच्या मध्यभागी वडाला किंवा पिंपळाला बांधलेला पार असे. दिवसाची कामे उरकली म्हणजे वडीलधारी माणसे तेथे येऊन बसत. पावसापाण्यापासून सरकारदरबारापर्यंत कोणताही विषय तेथे वर्ज्य नसे. कोणी तिखटमीठ लावून सांगू लागला, तर दुसरा हसत असे, कोणी धडधडीत खोटे बोलला, तर तिसरा त्याला तोंडावर हटकीत असे, आणि कोणाची जीभ फारच सैल सुटली, तर एखादा म्हातारा काठी आपटून म्हणे, “पुरे आता, घरी जा.” एवढ्यावर प्रकरण मिटत असे. पारावरचे बोलणे पारावरच विरून जाई. दुसऱ्या दिवशी त्यातले अर्धेअधिक कोणाला आठवतही नसे, आणि गावाच्या शांततेचे निम्मे रहस्य या विसरण्यात होते.

त्या पाराचे फाजील कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. त्यावर बसण्याचा मान सर्वांना सारखा नव्हता. स्त्रिया तेथे येत नसत. ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांनी तेथील गोष्टी लांबूनच ऐकावयाच्या. मोकळेपणा होता, परंतु तो मूठभरांचा होता.

आता पार माणसाच्या खिशात येऊन बसला आहे. मोबाइलवर शाळासोबत्यांचा समूह असतो, भावकीचा असतो, गृहसंस्थेचा असतो, द्राक्षबागाईतदारांचा, भजनी मंडळाचा आणि वर्गातील मुलांच्या आईवडिलांचाही असतो. लोक त्याला सरळ ‘ग्रुप’ म्हणतात. व्हॉट्सॲपच्या एका समूहात १,०२४ माणसे सामावू शकतात. एवढी माणसे कोणत्याही पारावर कधी बसली नसतील. येथे सून सासऱ्याच्या बरोबरीने बोलते, शेतमजूर सरपंचाला प्रश्न विचारतो, परदेशी गेलेला मुलगा गावच्या जत्रेच्या हिशेबावर बोट ठेवतो. ही गोष्ट लहान नव्हे. जुन्या पाराने ज्यांना दूर ठेवले, त्यांना या नव्या पाराने जागा दिली, हे प्रथम मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

परंतु दोन्ही पारांत काही मोठे भेद आहेत. येथे बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे तो थट्टा करतो की शिवी देतो, हे कळावयास मार्ग राहत नाही. येथे शब्द विरत नाही. रागाच्या भरात लिहिलेली ओळ वर्षाने पुन्हा वर काढता येते. आणि सर्वांत मोठा भेद असा की, या पारावरचा शब्द एका क्षणात दुसऱ्या शंभर पारांवर नेता येतो. नेणाऱ्याला तो मूळ कोणाचा, कोठला, केव्हाचा, याचा पत्ता नसला तरी चालते. काठी आपटणाऱ्या म्हाताऱ्याची जागा आता समूहाच्या चालकाने, म्हणजे ‘ॲडमिन’ने घेतली आहे. मात्र म्हाताऱ्याला सारा गाव ओळखत होता. हा चालक पुष्कळदा केवळ एवढ्याचसाठी चालक झालेला असतो की, समूह काढण्याची कल्पना प्रथम त्याला सुचली.

अशा समूहांतून एक भांडण वारंवार उद्भवते. एखादा सभासद कोणाविषयी काही कठोर लिहितो. चालक त्याला काढून टाकतो. काढलेला माणूस म्हणतो, “संविधानाने मला भाषणस्वातंत्र्य दिले आहे, ते हिरावून घेणारे तुम्ही कोण?” उरलेले म्हणतात, “बरे झाले, आता शांतता लाभेल.” या भांडणात दोन्ही पक्ष घाईने बोलतात, आणि दोघांचेही बोलणे अपुरे असते.

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे, हे खरे. परंतु ते स्वातंत्र्य मुख्यतः राजसत्तेच्या विरुद्ध दिलेले आहे. सरकारने नागरिकाचे तोंड बंद करू नये, त्याच्या बोलण्याबद्दल त्याला कारणावाचून तुरुंगात घालू नये, असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्राच्या संपादकाने एखादे पत्र छापले नाही, किंवा घरमालकाने वाद घालणाऱ्या पाहुण्याला निरोप दिला, तर तेवढ्याने संविधानाचा भंग होत नाही. समूहातून काढलेल्या माणसालाही दुसऱ्या हजार ठिकाणी बोलण्याची मुभा राहते. तेव्हा त्याची तक्रार कायद्यापुढे टिकणारी नाही. मात्र कायद्याने जे करता येते, ते सारे करणे शहाणपणाचे असतेच असे नाही. मुलाने परवानगी मागितल्यावाचून घरात तोंड उघडू नये, असा नियम बाप करू शकतो. तो नियम चांगला, असे कोणी म्हणणार नाही.

संविधानाने या स्वातंत्र्याला वेसही घातली आहे. १९५१ साली झालेल्या पहिल्या दुरुस्तीने ‘वाजवी निर्बंध’ हे शब्द तेथे आले आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व अपराधास चिथावणी ही कारणे त्यात घालण्यात आली. १९६३ साली देशाच्या सार्वभौमत्वाची व एकात्मतेची भर पडली. राज्याची सुरक्षितता, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान आणि अब्रुनुकसानी ही इतर कारणे. अशी ही आठ कारणे आहेत. या यादीत एक कारण मात्र शोधूनही सापडणार नाही. आणि समूहांतून माणसे काढली जातात ती बहुधा त्याच एका कारणासाठी. ते कारण म्हणजे ऐकणाऱ्याला बोलणे न आवडणे.

न आवडणे हाच अपराध ठरवला, तर काय होते याचा अनुभव या देशाने घेतला आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यात २००८ सालच्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम घालण्यात आले. संगणकावरून किंवा फोनवरून कोणी घोर आक्षेपार्ह मजकूर पाठवला, किंवा खोटे आहे हे ठाऊक असून दुसऱ्याला त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून काही पाठवले, तर त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असे ते कलम होते. आता ‘आक्षेपार्ह’ कशाला म्हणावयाचे? एकाला जे आक्षेपार्ह वाटते, ते दुसऱ्याला साधे सत्य वाटते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत सर्व व्यवहार बंद राहिले. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे एका तरुणीने त्या बंदविषयी आपले प्रतिकूल मत फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला केवळ पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. शोकाकुल माणसांना ते लिखाण बोचले असेल, हे समजण्यासारखे आहे. दुःखाच्या प्रसंगी चार शब्द मागे ठेवावेत, असे वडीलधाऱ्यांनी सांगणेही योग्यच. परंतु अवेळी बोलणे निराळे आणि अपराध करणे निराळे. या दोहोंमधील अंतर पुसले गेले, की दोन मुलींच्या दारात पोलीस येऊन उभे राहतात.

हा प्रकार वर्तमानपत्रांतून वाचून श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ हे कलम संपूर्णपणे रद्द केले. त्या निकालात न्यायमूर्तींनी बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली चर्चा, दुसरी एखाद्या मताचा पुरस्कार, आणि तिसरी चिथावणी. चर्चा आणि पुरस्कार कितीही अप्रिय असोत, ते स्वातंत्र्याच्या पोटात येतात; बोलणे चिथावणीच्या पायरीवर पोचले, म्हणजेच निर्बंधाचा प्रश्न निर्माण होतो. समूहाच्या चालकाने हा निकाल मुळातून वाचण्याची गरज नाही, परंतु या तीन पायऱ्या त्याच्या ध्यानात असल्या, तर त्याची पुष्कळशी घाई टळेल.

एवढ्यावरून कोणी असे समजेल की, चिथावणी तेवढी टाळली म्हणजे मनास येईल ते लिहावयास हरकत नाही. तसे नव्हे. दुसऱ्याच्या अब्रूची वेस बाकी राहतेच. आणि ही वेस चांगल्या हेतूने निघालेली, विद्वान व निःस्वार्थी माणसेसुद्धा नकळत कशी ओलांडतात, याचे महाराष्ट्रातील उदाहरण फार बोलके आहे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. पहिल्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि दुसऱ्याचे बाळ गंगाधर टिळक. दोघेही १८५६ साली जन्मलेले, म्हणजे ऐन पंचविशीतले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते. त्यांना वेड लागले आहे असे सांगून पहाऱ्यात ठेवले होते, आणि त्यांचा छळ होतो अशी कुजबुज सर्वत्र चालू होती. कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती होता. अशा वेळी बर्वे यांची म्हणून काही पत्रे या तरुण संपादकांच्या पाहण्यात आली. छत्रपतींच्या जिवाविरुद्ध कट चालू असल्याचे त्यांवरून दिसत होते. एका असहाय मुलाचा जीव धोक्यात आहे, राजसत्ता मूग गिळून बसली आहे, आणि पुरावा तर हातात आहे. पंचविशीतल्या कोणत्या देशभक्ताची लेखणी अशा वेळी थांबली असती? त्या मजकुराला ‘केसरी’ व ‘मराठा’ यांतून प्रसिद्धी मिळाली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, आणि ती पत्रे बनावट ठरली. दोघा संपादकांनी माफी मागितली. परंतु झालेला प्रमाद माफीने पुसला गेला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुदतीपूर्वी, २६ ऑक्टोबरला, ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. तेथे काढलेल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले.

या प्रकरणाचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. छत्रपतींविषयी वाटणारी काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगर येथे, पहाऱ्यातील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे तक्रार खरी होती, पुरावा मात्र बनावट होता. आणि खऱ्या तक्रारीला खोट्या पुराव्याने जेवढी हानी पोचते, तेवढी तिच्या शत्रूंनाही पोचवता येत नाही. “कारण चांगले होते, मग एखादा तपशील चुकला म्हणून काय झाले?” असे आज समूहांतून पुष्कळ जण म्हणतात. काय होते ते डोंगरीच्या तुरुंगाने त्या दोघांना दाखवले होते.

दुसरीही एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ही पत्रे आमच्याकडे जशी आली तशी आम्ही दिली, असे ते दोघे म्हणू शकले असते. पत्रे त्यांनी लिहिली नव्हती. तरीही छापणारा तो जबाबदार, हा न्याय त्यांना लागू झाला. त्या काळच्या वर्तमानपत्रांत ‘एक त्रस्त नागरिक’ अशा सहीचे पत्र येई, परंतु पत्रलेखकाचे खरे नाव व पत्ता संपादकाजवळ असावयाचा, असा दंडक होता. छापण्यासाठी नव्हे, प्रसंग आल्यास जबाब देण्यासाठी. आजचा मनुष्य मात्र सकाळी दात घासता घासता पाच समूहांत कोणाची तरी अब्रू पोचवतो, आणि खाली लिहितो, ‘जसे आले तसे पुढे पाठवले.’ हे पाच शब्द लिहिले, म्हणजे पाप धुऊन निघते, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

पाप किती मोठे असू शकते, हे धुळे जिल्ह्यात दिसून आले. साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष भिक्षा मागत तेथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. हा भटका समाज. पोटासाठी मुलखोमुलूख हिंडणे ही त्यांची जुनी रीत. परंतु मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश तेव्हा मोबाइलवरून त्या भागात पसरले होते. बाजारात कोणीतरी या परक्या माणसांवर बोट दाखवले. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले, आणि पाचही जण प्राणास मुकले.

त्या वर्षी देशभर जे संदेश फिरत होते, त्यांत एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे एका खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती चित्रफीत मुळात कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात, आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट तेवढा कापून टाकला. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या वेळी, १७७३ साली, ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ झाला, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तेथे एक अक्षर बदलले, येथे काही क्षणांचे चित्र कापले गेले. फरक एवढाच की, तो कागद दोनचार माणसांच्या हातांत फिरला असेल. ही चित्रफीत किती हातांतून गेली, ते मोजणारा कोणी नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उपाय चांगला होता, परंतु तो वाहत्या पाण्याला बांध घालण्यासारखा होता. पाण्यात विष कालवले आहे, हे सांगणारा मनुष्य त्याने निर्माण होत नाही.

येथेच या विषयाचा गाभा आहे. तेव्हा त्या भागात समूह अनेक असतील, आणि प्रत्येक समूहात ‘ही गोष्ट खरी कशावरून?’ अशी शंका ज्याच्या मनात आली, असा एखादा तरी मनुष्य असेल. एखादा शिक्षक, एखादी अंगणवाडीताई, एखादा दहावीचा मुलगा. तो का बोलला नाही? याचे उत्तर कोणत्याही समूहात आठ दिवस राहिले, म्हणजे सापडते. खोटा संदेश पुढे पाठवणाऱ्याला काहीच मोल द्यावे लागत नाही. उलट तो जागरूक ठरतो. शंका विचारणाऱ्याला मात्र मोल द्यावे लागते. काका रागावतात. “तुला फार समजते,” असे मोठा भाऊ म्हणतो. “मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्हाला पुरावे सुचतात,” असे शेजारीण सुनावते. आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याने तेच केले, तर चालक नियम लिहितो: ‘येथे वाद नको, फक्त चांगले विचार पाठवावेत.’ या नियमाने संदेश पाठवणारा राहतो आणि हटकणारा जातो. सकाळचे सुप्रभात, फुलांची चित्रे आणि त्यांच्या जोडीने अफवा, सारे सुखाने नांदू लागते. त्यालाच मग शांतता म्हणतात.

तेव्हा समूहातील वाणीला मर्यादा असावी की नसावी, या प्रश्नावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. मर्यादा असावीच. प्रश्न आहे तो काठी कोणावर आपटावयाची हा. नाव घेऊन कोणावर आरोप करणाऱ्याला, “आधार काय? नसेल तर मागे घे,” असे चालकाने बेलाशक विचारावे. ‘याला धडा शिकवला पाहिजे’ असे लिहिणाऱ्याला त्याच क्षणी थांबवावे. तेथे मतस्वातंत्र्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गैरहजर असलेल्या मुलीचे छायाचित्र टाकून थट्टा करणाऱ्याला दाराबाहेर घालवताना चालकाचा हात कापू नये. येथे तो कठोर झाला, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मागणारा, गावच्या पुढाऱ्याविषयी प्रतिकूल मत देणारा, आणि सर्वांनी वाहवा केलेल्या संदेशाखाली ‘हे खरे नाही’ असे लिहिणारा, हे तिघे कटकटे असले, तरी त्यांना ठेवून घेतले पाहिजे. तिसऱ्याला तर आग्रहाने.

चालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. समूहात कोणी काहीही लिहिले, तरी चालकालाच पोलीस धरतील, या भीतीने पुष्कळ चालक हैराण होतात आणि जरा खट्ट झाले, की माणसे काढू लागतात. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या बाबतीत खुलासा केला. दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल, दोघांचा तसा समान हेतू असल्याखेरीज, केवळ चालक म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. कारण मजकूर येण्यापूर्वी तो तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. तेव्हा कायद्याच्या धाकाने मुस्कटदाबी करण्याचे कारण चालकाला उरलेले नाही. उरते ते फक्त गोंगाटाला कंटाळणे. कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पारावरच्या म्हाताऱ्यालाही तो येत असेल.

डोंगरीच्या प्रकरणात आणखी एक उपकथा आहे, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. खटला चालू असता टिळक-आगरकरांना जामिनाची गरज पडली. त्यांच्या वर्तुळातील विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून जोतीराव फुले यांच्यावर अत्यंत कठोर टीका केलेली होती. दोन्ही पक्षांत मतांचे कसलेही ऐक्य नव्हते. तरीही जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी या दोघा संपादकांसाठी जामीन भरला. ज्यांच्या पक्षाने आपल्याविरुद्ध लेखणी झिजवली, त्यांच्या लेखणीवर संकट आले असता जोतीराव मदतीला गेले. बनावट पत्रांना त्यांनी खरे म्हटले असा याचा अर्थ नव्हे.

पुढे खुद्द टिळक आणि आगरकर यांचेच पटेनासे झाले. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावर त्यांची मते एकमेकांपासून दूर जात राहिली. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. बालविवाहाविरुद्ध, केशवपनाविरुद्ध, आंधळ्या रूढींविरुद्ध त्यांनी जे लिहिले, ते पुण्याच्या बहुसंख्य लोकांना मुळीच मानवले नाही. लोक इतके चिडले की, आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. एखाद्याला आपल्यातून काढून टाकण्याची याहून ठळक तऱ्हा आजच्या कोणत्याही समूहाला सुचणार नाही. कायद्याने त्या मिरवणुकीला कोणी हरकत घेतली असती काय, कोण जाणे. परंतु त्या दिवशी रस्त्यातून चाललेल्या लोकांच्या बाजूने आज बोलावयास कोणी उभा राहत नाही. आणि आगरकरांनी लिहिणे थांबवले नाही. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत होईपर्यंत ‘सुधारक’मधून ते आपले मत मांडीत राहिले.

हा मतभेद उघड होण्यापूर्वीच्या, डोंगरीच्या तुरुंगातील दिवसांविषयी आगरकरांनी जे लिहून ठेवले आहे, त्यात एक लहानशी गोष्ट येते. हे दोघे मित्र एकाच कोठडीत होते. लिहिण्याच्या चुकीपायी दोघांनाही कैद झालेली, बाहेर घरची माणसे काळजीत, प्रकृती खालावलेल्या. अशा स्थितीत रात्री त्यांचे वादविवाद चालत. बोलता बोलता दोघांचेही आवाज इतके चढत की, पहारेकऱ्यांना येऊन त्यांना दटावावे लागे.